कासवाची बेंबी आणि महालातला फळा

मी सांगणार आहे ते सगळं मला नीट आठवतं की नाही, याची खात्री नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या अंगावरचं पुन्हा पुन्हा पुसलं जातं, त्याच्या आठवणीवर कोणी किती विसंबावं? कधी एखादी जुनी ओळ पांढुरक्या डागासारखी वर येते आणि ती माझ्यावर लिहिली होती की समोरच्या भिंतीवर, असा मलाच प्रश्न पडतो. तरीही सांगतो. मी एक फळा आहे. नागपुरातल्या महाल नावाच्या भागात, शालिकरामच्या चहाच्या दुकानाला लागून असलेल्या भिंतीवर मी टांगलेला आहे, आणि माझ्यावर जगाचं भविष्य लिहितात.

जन्मानं मात्र मी फळा नव्हे. मी हातमागाचं सागवान. ईश्वरदास सरांच्या वडिलांनी त्या मागावर आयुष्यभर लुगडी विणली. माग बंद पडला तेव्हा घरात माझी गणना सरपणात झाली होती. सर तेव्हा कॉलेजात भूगोल शिकवत होते. ते मला सुताराकडे घेऊन गेले, फळ्या जोडून घेतल्या आणि काळा रंग दिला. अजूनही माझी एक कड विणताना इकडून तिकडे धावणारा धोटा घासून घासून गुळगुळीत झालेली आहे. पोरं तिच्यावरून बोट फिरवतात. त्यांना कारण माहीत नसतं.

सर फार शिकलेले. भूगोलातले डॉक्टर. पण तेवढेच घाबरट. घराला कुलूप लावून चौकापर्यंत यायचे आणि कुलूप ओढून पाहायला परत जायचे. माझ्यावर एक वाक्य लिहिलं की दोन पावलं मागे सरून वाचायचे आणि त्यात ‘बहुधा’ घालायचे. निवृत्तीनंतर त्यांना ज्योतिषाचा नाद लागला. माणसांच्या कुंडल्या ते पाहत नसत. कोणी मुलीच्या लग्नाचं विचारलं की हात जोडायचे. त्यांना हवं होतं जगाचं: युद्ध, दुष्काळ, भूकंप, पूर. एवढी वर्षं पृथ्वी शिकवली, आता ती असं का वागते ते वरून कळतं का पाहू, असं ते गोदूबाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, सांगत. गोदूबाई म्हणत, “पाहा बाप्पा. खाली पाहून तं काही समजलं नाही तुमाले.”

गुढीपाडव्याला ते माझ्यावर वर्षफल लिहीत. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राचं वाहन लिहीत. मृगाचं वाहन म्हैस आलं की चौकात आनंद, कोल्हा आलं की सुस्कारे. नरखेड तालुक्यातले संत्र्यांचे बागायतदार महादेवराव केवळ तेवढ्यासाठी एसटीनं यायचे, माझ्यासमोर चप्पल काढून उभे राहायचे आणि ओठ हलवत वाचायचे. देवळातही ते इतके नम्र नसावेत. माझी छाती फुगायची.

पण जगाचं भविष्य म्हणजे नक्षत्राची वाहनं नव्हेत. तिकडे सरांची एक सवय मला खटकायची. कुठे पूर आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यावर झळकायचं, ‘शनी जलराशीत असल्याने महापूर’. जे चुकलं असेल ते सर चहा पिता पिता हळूच बाहीनं पुसून टाकायचे.

एकदा शालिकराम गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “सर, होऊन गेल्यावर तं माही किटलीबी सांगते जी! आधी लिहा न.”

लोक हसले. सरांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हे मला उतरवून घरी नेतात. पण त्यांनी रंग आणि ब्रश मागवला आणि माझ्या डोक्यावर, जिथं पोरांचा हात पोचत नाही तिथं, रंगानं कायमचं लिहून टाकलं: ‘जे लिहायचे ते आधी. मुदत संपेपर्यंत पुसणार नाही. मग खाली बरोबर की चूक.’

त्या दिवसापासून माझं जिणंच बदललं. लोक थांबून वाचू लागले. ‘चूक’ हा शब्द माझ्यावर बऱ्याचदा लिहिला गेला, ‘बरोबर’ही अधूनमधून. प्रत्येक ‘चूक’ लिहिताना सरांचा हात जड व्हायचा, हे मला सगळ्यात आधी कळायचं. खडू कचकन मोडायचा.

आणि मग ते ग्रहणाचं वर्ष आलं.

कोजागिरीला चंद्रग्रहण, रेवती नक्षत्रात. लगेच दिवाळीच्या अमावास्येला सूर्यग्रहण. सरांनी माझ्यावर एक मोठं कासव काढलं. जुन्या शास्त्रात देश म्हणजे पूर्वेकडे तोंड करून बसलेलं कासव. त्याच्या अंगाच्या एकेका भागाला तीन तीन नक्षत्रं वाटून दिलेली. ग्रहण ज्या नक्षत्रात, त्या भागातल्या मुलखाला त्रास. दिशा मोजायच्या बेंबीपासून, आणि बेंबी सरांनी नागपूरवर ठेवली. रेवती येते ईशान्येला. सरांनी लिहिलं: ‘दोन ग्रहणांच्या मधल्या पंधरवड्यात ईशान्येस, बहुधा सिक्कीमकडे, मोठा भूकंप.’ काही वर्षांपूर्वी तिकडे खरोखरच जमीन हादरली होती, त्यामुळे वाचणाऱ्यांच्या अंगावर काटा आला.

त्याच आठवड्यात महादेवरावांच्या मुलीला, गोपिकेला, नोकरीचं बोलावणं आलं. कुठे, तर सिक्कीमला.

गोपिका कॉलेजची सगळी वर्षं सरांच्याच घरी राहिलेली. संत्र्याच्या कलमांचं शास्त्र शिकलेली. तिकडच्या डोंगरांतल्या संत्राबागा रोगानं चालल्या होत्या, त्या वाचवायचं काम तिथल्या एका केंद्रात होतं आणि रुजू व्हायचं होतं दिवाळीच्या आधी. उशीर झाला तर जागा दुसऱ्याची. तिच्याबरोबर शिकलेल्यांपैकी कुणालाच अशी संधी मिळाली नव्हती.

महादेवराव पहिल्या एसटीनं आले. चप्पल काढून त्यांनी मला वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“नाही जायाचं,” ते म्हणाले.

“बाबा, एका फळ्यावर लिहिलं म्हणून?” गोपिका म्हणाली.

“याच फळ्यावरचं वाचून मी दरसाल बाग धरून राहिलो ना वं. बागीले चालते आन पोरीले नाही चालत?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेचा मला अजून चटका बसतो. तिनं ठरवलं असतं तर हातातल्या ओढणीनं ते सगळं पुसून टाकलं असतं. पण माझ्या डोक्यावरचं वाक्य तिनंही कित्येकदा वाचलं होतं. ती सरांकडे वळली. “काकाजी, तुम्ही सांगा ना बाबांना.”

सरांनी ‘बहुधा’ या शब्दाखाली रेघ मारली. महादेवराव म्हणाले, “रेघ मारल्यानं भूकंप थांबते का जी?”

त्या संध्याकाळी गोदूबाई शालिकरामकडून दूध घ्यायला आल्या. सर माझ्यासमोर स्टुलावर बसून होते. गोदूबाईंनी कासव निरखलं आणि म्हणाल्या, “मले एक सांगा, या कासवाची बेंबी काहून आपल्याच मोहल्ल्यात आली?”

“देशाचा मध्य इथेच आहे. झिरो माइलचा खांब उभा आहे ना,” सर म्हणाले.

“तो खांब इंग्रजायनं गाडला. कासव तं त्याच्या आधीचं असंन.”

शालिकराम इतका हसला की दूध सांडलं. सर हसले नाहीत. ते उठून उभे राहिले. आम्हा नागपूरकरांना लहानपणापासून एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की देशाचा मध्य म्हणजे आपण. इतकी पक्की, की भूगोलाच्या डॉक्टरलाही ती तपासावीशी वाटली नाही. ज्यांनी हे कासव बसवलं त्यांचा मध्यदेश गंगा-यमुनेच्या मुलखात, नागपूरच्या बराच उत्तरेला. सरांनी लाल खडू घेतला आणि जुनं न पुसता कासव वर सरकवलं. बेंबी उत्तरेला गेली, त्याबरोबर दिशा फिरल्या. सिक्कीम ईशान्येतून निसटलं आणि पूर्वेला येऊन बसलं. रेवतीशी त्याचा काही संबंधच उरला नाही.

सर अर्ध्या तासाच्या आत घरी मुक्कामाला थांबलेल्या महादेवरावांना हाताला धरून घेऊन आले, मागोमाग गोपिकाही आली. सगळं समजावलं. महादेवरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्यावरच्या लाल कासवाला बोट लावून विचारलं, “म्हंजे भूकंप आता कुठी जाईन?”

“तिबेटच्या डोंगरांत. बहुधा.”

“आन उद्या बेंबी आणखी सरकली तं?”

लाल आणि पांढरी अशी दोन कासवं अंगावर घेऊन मी उभा होतो आणि खरं कोणतं ते मला सांगता येत नव्हतं.

“सर, तुमी मोठे मानूस,” महादेवराव म्हणाले. “तुमी लिवता, पुसता, सरकवता. माही तं एकच पोरगी हाये. तिले कशाच्या भरवशावर धाडू?”

सरांनी खडू खाली ठेवला. मला वाटलं, आता हे कुलूप ओढून पाहायला घरी जातील. पण ते म्हणाले, “माझ्या भरवशावर. मी तिच्यासोबत जातो. दिवाळीचं ग्रहण सुटेपर्यंत तिथेच राहतो. जमीन हालली तर माझ्याही पायाखालची हालेल.”

शालिकरामनं किटली खाली ठेवली. ज्या माणसानं दिशाशूल पाहिल्याशिवाय गावातलंच सदर गाठलं नव्हतं, इटारसीपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, तो हे बोलत होता.

“अहो, दिवाळी हाये,” गोदूबाई म्हणाल्या.

“हो.”

“मंग स्वेटर काढून ठेवते,” त्या म्हणाल्या आणि दूध घेऊन गेल्या.

महादेवरावांनी सरांचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. मग गोपिकेला म्हणाले, “जाय. पन सरायले थंडीत फिरवू नको.”

कोजागिरीचं दूध चौकातच आटवलं गेलं. ग्रहण सुटल्यावर सगळ्यांनी ते प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी हावड्याच्या गाडीनं दोघं निघाले. निघताना सर माझ्याजवळ आले. बाही वर चढवलेली होती. पुसण्यासाठी नव्हे. त्यांनी भाकितातल्या ‘बहुधा’वर काट मारली आणि गेले.

तो पंधरवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. अख्खा महाल माझ्यासमोर थांबू लागला. “काय म्हणते सिक्कीम?” असं लोक मलाच विचारायचे. कोणी अगरबत्ती लावली, कोणी हार घातला. महादेवराव दर दोन दिवसांनी संत्र्यांच्या गाडीवर बसून यायचे. बागेत फळांचा तोडा सुरू होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं. गोदूबाई रोज येऊन एकच वाक्य सांगायच्या, “पोचले, जेवले, झोपले.” लक्ष्मीपूजन झालं, ग्रहण झालं, फटाके वाजले. माझ्या पायाशी शालिकरामनं पणती ठेवली.

भाऊबीज होऊन गेल्यावर सर परतले. मफलर, काठी, गाल उन्हानं रापलेले. स्टेशनवरून घरी न जाता थेट चौकात. माणसं गोळा झाली. कोणी तरी लग्नाच्या वरातीतला बँड वळवून आणला होता, तो काय वाजवत होता हे मला आठवत नाही, पण जोरात वाजवत होता. महादेवराव माझ्याजवळ उभे होते, अनवाणी.

“पोरगी?” त्यांनी विचारलं.

“झाडं तपासते आहे. माझ्याकडे पाहायलाही तिला वेळ नव्हता,” सर म्हणाले. “तुमच्या संत्र्यापेक्षा तिथलं संत्रं लहान आहे. गोड मात्र आहे. हे तिनं सांगायला सांगितलं.”

“लहानच असंन!” महादेवराव म्हणाले आणि डोळे पुसायला लागले.

मग सरांनी खडू घेतला. मी अंग ताठ केलं. खडू मोडेल अशी मला भीती होती. पण त्या दिवशी हात हलका होता. पांढऱ्या कासवावर, लाल कासवावर, ईशान्येवर, सगळ्यांवरून जाईल एवढा मोठा शब्द त्यांनी काढला: ‘चूक’.

चौकानं टाळ्या वाजवल्या. मी जगाची पुष्कळ भाकितं अंगावर वाहिली, पण खोट्या ठरलेल्या भाकिताचा असा जयजयकार मी तरी दुसरा पाहिला नाही. शालिकराम ओरडला, “सर, आज च्या फुकट! चुकल्याबद्दल!” महादेवरावांनी सोबत आणलेल्या पेटीतली संत्री दिसेल त्याच्या हातात कोंबली. सर हसत होते. आपलं म्हणणं खोटं ठरल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

आता सर आणि गोदूबाई हुडकेश्वरला मुलाकडे राहतात. पाडव्याला ऑटोनं येतात आणि सर वाहनं लिहितात. हात कापतो, म्हणून म्हैस आणि मेंढा यांतला फरक लोकांना विचारून घ्यावा लागतो. एरवी माझ्यावर शिकवणी वर्गांच्या जाहिराती चिकटवतात, कुणाच्या तरी श्रद्धांजलीचा फोटो असतो. मधोमध एक तडा गेला आहे. ग्रह खरं सांगतात की नाही, मला अजून कळलेलं नाही. पण तुमच्याकडे मोबाईलवर रोज जगबुडीचं काही ना काही येत असणार. ज्यानं पाठवलं त्याला एवढंच सांगा, की मुदत लिही आणि मुदत संपेपर्यंत पुसू नकोस. आणि मला उतरवायचं ठरलंच, तर सरपणात नका टाकू. सागवान आहे, आणखी काहीतरी होता येईल.

मागच्या हिवाळ्यात गोपिका आली होती. सिक्कीममधल्या त्या केंद्राची आता ती प्रमुख आहे. गोदूबाईंना घेऊन शालिकरामकडे चहा पीत माझ्यासमोर बसली आणि बोलता बोलता म्हणाली, की त्या पंधरवड्यात, धनत्रयोदशीच्या सकाळी, तिथली जमीन हालली होती. हलकीच. तिकडे हालतेच तशी अधूनमधून. फडताळातल्या कपबशा वाजल्या, पत्र्याचं छप्पर थरथरलं, आणि काकाजी अंगणात काठी रोवून उभे राहिले. हालणं थांबल्यावर म्हणाले, ‘याला मोठा भूकंप म्हणत नाहीत. तुझ्या बाबांना सांगू नकोस.’ शालिकरामला हे खरं वाटेना. त्यानं गोदूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “खरं हाये. मले त्याच दिवशी फोनवर सांगतलं होतं.”