कुट्टीचं बटन

मारोतीच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. घाटंजीतला हा पानठेलेवाला, आणि लेकरांना रडवायची त्याला भारी हौस. टीव्हीवर लढाईच्या बातम्या सुरू झाल्या अन् त्याला आयतंच खेळणं सापडलं. आठ वर्षांची मोनाली. तिचा बाप अश्वजित फौजेतून रिटायर होऊन मागच्याच वर्षी घरी आला होता, दोन म्हशी घेऊन दुधाचा धंदा करत होता. पूर्वी सुट्टीपुरता दिसणारा बाप आता रोज वेणी घालून द्यायचा, म्हणून पोरगी नुसती हरखून गेली होती.

"मोने, तुह्या बापाले बोलावणं येऊन राह्यलं! गाडी निघाली नागपुरातून."

"नाही येत!"

"येतेच. हां, उजव्या हाताचं बोट नसलं त नाही नेत. बंदूक कशानं चालवन?"

ठेल्यावरचे टोणगे खो खो हसले. एकानं तरी म्हणावं ना, की बाई, रिटायर माणसाला कोण बोलावतं? नाही म्हटलं कोणी.

रोज तेच. पोरीचं जेवण तुटलं. दारात फटफटी थांबली तरी ती बापाच्या पायाला मिठी मारायची.

"काहून वं, काय झालं?"

"काही नाही." भीती बोलून दाखवली की खरी होते, असं तिला वाटायचं.

संध्याकाळी बापलेक मिळून म्हशींसाठी कडब्याची कुट्टी करायचे. तो कडबा कापायच्या यंत्रात पेंढी सारायचा, ती भिंतीवरच्या बटनापाशी उभी. कडबा अडकला की तो म्हणायचा "बंद", हात घालून मोकळा करायचा, हात काढून म्हणायचा "चालू". त्यानंच शिकवलेलं, आणि पोरगी कधी चुकली नव्हती.

त्या दिवशी कडबा अडकला. "बंद," तो म्हणाला. तिनं बंद केलं. त्याचा उजवा हात आत गेला. मोनालीनं डोळे गच्च मिटले आणि बटन दाबलं.

यवतमाळच्या दवाखान्यात मारोती केळी घेऊन भेटायला आला, तेव्हा ती बापाच्या खाटेवरच बसली होती.

"पप्पा, आता नाही न नेत तुमाले? काकाच म्हणे, बोट नसलं त नाही नेत."

अश्वजितनं मारोतीकडे पाहिलं. मारोती केळी हातात तशीच धरून मागे सरकला.

"अबे, म्या त मजाक केलती! रिटायर माणसाले कोन बोलावते?"

अश्वजितनं पोरीच्या डोक्यावरचा डावा हात काढून घेतला.

बाप आता घरीच असतो. वेणी आई घालते. कुट्टीच्या वेळी मोनाली गोठ्याच्या दारात येऊन उभी राहते.

"पप्पा, मी दाबू?"

"नको. घरात जा."