थांब म्हटलं की सुटायचं

समजा, तुम्ही सायकलवर बसला आहात. पाय पायडलवर आहेत, पण नुसते ठेवायला. सायकल ओढतोय पुढे बांधलेला एक भला मोठा कुत्रा. कान वाऱ्यावर, जीभ एका बाजूला लोंबतेय. दिसला? शेपटी जरा आणखी झुबकेदार करा. हां, आता जमलं. आता त्याला थांबायला सांगा बरं. सांगितलंत? आणि तो आणखीच जोरात पळाला? मग टाचणीची काय गत झाली असेल, ते तुम्हाला चांगलंच कळेल.

टाचणी ही एक मुलगी. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून हे नाव. घराच्या पुढच्या खोलीत तिच्या बाबांचं बूट-चपला दुरुस्तीचं दुकान होतं. सगळीकडे खळीचा वास, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून पसरलेला कुत्रा. त्याचं नाव लोड. तो उठायचा फक्त गिऱ्हाइकाचा बूट पळवायला. बूट तोंडात धरून लोड पुढे, आणि मागून बाबा, आत्या आणि टाचणी ओरडत धावायची, "थांब! अरे थांब! थांब म्हणते ना मेल्या!" लोडला हा खेळ जिवापाड आवडायचा.

त्याची आणखी एक सवय होती. आत्या इस्त्रीच्या दुकानात कामाला निघाली की दारातून "येते हं" म्हणायची. ते ऐकलं की लोड असेल तिथे बूड टेकायचा आणि ती परत येईपर्यंत ढिम्म हलायचा नाही. टाचणी एकदा चुकून "जाते" म्हणाली, तर आत्याने तिला गल्लीच्या टोकावरून माघारी बोलावलं होतं. "जाते म्हणू नये गं. येते म्हणावं." तेव्हापासून टाचणीच्या तोंडीही "येते हं" पक्कं बसलं होतं.

एक दिवस लोडने बँडमास्तरांच्या बुटाची जीभ खाल्ली. बाबांनी डोक्याला हात लावला.

"आता पुरे झालं. संध्याकाळी मामा आला की हा त्याच्याबरोबर लाकडाच्या वखारीवर जाणार."

"बाबा, नाही ना!"

"अगं, त्याचा उपयोग काय आपल्याला? खातो, झोपतो, पुन्हा खातो."

"दादा, तसं तर तुझंही होतं लहानपणी," आत्या म्हणाली. "तरी ठेवलंच ना आईने."

बाबा हसले नाहीत. ते नव्या जिभेला टाके घालत होते. चढावरून बागेपर्यंत बूट पोचवायचे म्हटलं की त्यांचे गुडघे कुरकुरायचे. टाचणीने ते बरोबर हेरलं.

"बाबा, बूट लोडने पोचवले तर? सायकल तो ओढेल. मग तो उपयोगाचा झाला की नाही?"

बाबांनी सुई थांबवली. "बागेतल्या बँडच्या कार्यक्रमाआधी बूट पोचले आणि तू धड परत आलीस, तर राहू दे त्याला."

झालं! टाचणीने जुन्या दप्तरांचे पट्टे जोडून लोडसाठी साज शिवला. गळ्याला नाही हं, छातीला. गळ्याला बांधलं तर ओढताना कुत्र्याचा श्वास कोंडतो. पट्टा आणि सायकल यांच्यामध्ये तिने ताणलं जाणारं रबर लावलं, म्हणजे हिसका बसणार नाही. आत्याने तिच्या डोक्यावर पातेलं ठेवलं आणि हनुवटीखाली नाडी बांधली.

"चल, लोड!" टाचणी म्हणाली. लोडने जांभई दिली.

"पळ! हो पुढे! ऊठ रे राजा!" लोडने कान खाजवला.

तेवढ्यात पातेलं डोळ्यांवर घसरलं. "थांब जरा..." टाचणी म्हणाली, आणि लोड जो सुटला!

चढ त्यांनी असा पार केला, की दूधवाल्याची मोटारसायकल मागे पडली. टाचणी खूश. पण चढ संपला की उतार असतो, आणि उताराच्या पायथ्याशी बाग होती.

"थांब, लोड!" लोडने वेग वाढवला. टाचणीने ब्रेक दाबला. तो नुसता किंचाळला. "थांब! थांब! थांब!" आता तर लोडचे पाय जमिनीला लागत होते की नाही, कोण जाणे.

बागेत बँडमास्तर पायमोजे घालून चौथऱ्यावर उभे होते. त्यांनी दोन्ही हात हलवून आरोळी ठोकली, "अडवा त्यांना!" वादकांना वाटलं, मास्तरांनी इशारा केला. त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. ढोलाच्या तालावर लोड चौथऱ्याभोवती गरगर फिरू लागला. मास्तर जितके हात हलवत, तितका बँड जोरात!

चौथऱ्याजवळच, बागेच्या फाटकाशी, गादीवाल्या काकू कापसाच्या ढिगाजवळ बसल्या होत्या.

"अगं टाचणे, कुठे निघालीस एवढ्या घाईत?"

"मला काय माहीत, काकू!" असं ओरडून टाचणी पुढे गेली. पण मोठ्या माणसाला नुसतं ओलांडून जायचं कसं? म्हणून मागे वळून म्हणाली, "येते हं!"

लोडने बूड टेकलं.

सायकल त्याच्या पाठीला टेकून थांबली. टाचणी मात्र थांबली नाही. ती कापसात गेली, पातेल्यासकट. बूट सायकलच्या टोपलीतून उडाले आणि एक थेट मास्तरांच्या पोटावर आदळला.

"वेळेवर आले," मास्तर कण्हत म्हणाले.

टाचणी मेंढीसारखी होऊन ढिगातून बाहेर आली. तिला पाहून लोड उठला आणि शेपटी हलवू लागला.

घरी बाबांनी सगळं ऐकलं. तिच्या केसांतला कापूस काढत ते हळूच म्हणाले, "बूट पोचले, मान्य. पण ज्याला थांबवता येत नाही, त्याच्या मागे मी माझी पोर नाही बसवणार."

टाचणीचे डोळे भरून आले. मामा बाहेर टेम्पो घेऊन उभाच होता. बाबांनी लोडचा पट्टा धरला आणि आत्याला हाक मारली, "मी याला टेम्पोत बसवून येतो हं!"

लोडने बूड टेकलं.

बाबांनी ओढलं. मामाने ढकललं. आत्याने बिस्कीट दाखवलं. लोड ढिम्म.

"भाओजी, याला काय खिळे ठोकलेत?" मामा धापा टाकत म्हणाला.

टाचणी एकदम ताठ झाली. बाबा म्हणाले 'येतो हं'. काकूंना आपण म्हणालो 'येते हं'. आणि 'थांब' म्हटलं की... "बाबा, सोडा त्याला! कळलं मला! तो ऐकतो हो, सगळं ऐकतो! आपणच उलटं शिकवलंय!"

आणि मग टाचणीने काय केलं? तिने लोडला साज चढवला, पातेलं घातलं, सायकलवर बसली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "थांब!" दोघं गल्लीच्या टोकापर्यंत सुसाट गेली. तिथे इस्त्रीवाले आजोबा बसले होते. त्यांच्यासमोर पोचताच तिने गोड आवाजात म्हटलं, "आजोबा, येते हं!" आणि सायकल जागच्या जागी थांबली.

"अगं," आजोबा चष्मा वर करून म्हणाले, "आत्ता तर आलीस!"