तीस गोळ्यांचा कागद

माझी नात बंदूक चालवते तेव्हा घरात कुणाला पत्ता लागत नाही. तिच्या कानांवर हेडफोन असतो आणि पलीकडच्या खोलीत तिची आई झोपलेली असते. माझी लेक बस चालवते. पहाटेची पाळी करून दुपारी दोनला येते, दोन घास पोटात ढकलते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. त्यामुळे आमच्या घरातल्या लढाया मुक्यानं होतात.

नात तेरा वर्षांची. खेळातल्या तिच्या संघात पाच जण, त्यात दोघं जुळे, पाचही जुन्या शाळेतले. लेकीची बदली दुसऱ्या डेपोत झाली, आम्ही शहराच्या या टोकाला आलो, आणि त्या चौघांना भेटायला उरला तो फक्त संध्याकाळचा हा खेळ. इथल्या वर्गात तिच्याशी अजून कुणी धड बोलत नाही. तिथे मात्र तिला टोपणनावसुद्धा आहे, छतवाली. कारण तिनं बटण दाबून धरलं की बंदूक वर उडते आणि अर्ध्या गोळ्या छतात जातात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांची ‘भिंत’ असते. खेळातल्या सरावाच्या खोलीत एका भिंतीवर दार रंगवलंय. ठरलेल्या अंतरावर उभं राहायचं आणि बटण न सोडता तीसच्या तीस गोळ्या झाडायच्या. वीस तरी दाराच्या आत लागायला हव्यात. सलग तीनदा हुकलं तर जागा दुसऱ्याला. नातीचं दोनदा हुकलं होतं. मागच्या खेपेला नऊ.

“नऊ म्हणजे अगदीच काही वाईट नाही,” मी म्हणालो.

“आजोबा, तीसपैकी नऊ म्हणजे नापास. तुम्ही मास्तर असता तर शाळा बुडाली असती.”

मी मास्तर नव्हतो. चाळीस वर्षं मी दुकानांच्या काचांवर अक्षरं रंगवली. काचेवर आतल्या बाजूनं रंगवायचं असतं, म्हणजे रंग पावसापाण्यानं जात नाही. मग अक्षर उलटं काढावं लागतं. आधी पातळ कागदावर सुलटं काढायचं, कागद पालटायचा आणि त्यावरून काचेवर उतरवायचं. आता दुकानदार छापील चिकटपट्ट्या लावतात. ते एका परीनं बरंच झालं, कारण माझा उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. चहाचा कप मी आता दोन्ही हातांनी धरतो.

मंगळवारी दुपारी मी तिच्याजवळ खुर्ची ओढून बसलो. “एकदा माऊस अजिबात न हलवता झाड बघू.”

तिनं झाडल्या. भिंतीवर भोकांची रांग उमटली. पहिल्या आठ-नऊ सरळ वर चढलेल्या, मग डावीकडे वळलेल्या, मग उजवीकडे झुकलेल्या. “पुन्हा झाड.” पुन्हा तीच रांग, जवळजवळ तशीच. मला फार बरं वाटलं. बंदूक वेडीवाकडी उडत नव्हती. तिचं एक ठरलेलं वळण होतं, आणि ठरलेलं वळण हाताला शिकवता येतं.

“तू काय करतेस,” मी म्हणालो, “गोळी कुठे गेली ते बघतेस आणि मग हात हलवतेस. तोवर पुढच्या दोन गेलेल्या असतात. बघायचंच नाही. हाताला वाट पाठ पाहिजे.”

“आणि वाट कोण पाठ करून घेणार?”

“मी आहे की.”

“तुम्हाला माऊस धरता येतो?”

“मला कागद धरता येतो.”

पडद्यावर पातळ कागद लावून मी भोकं गिरवली. हात थरथरत होता, पण ठिपक्यांना तेवढं चालतं. बंदूक वर जाते तर हात खाली यायला हवा, म्हणून मी कागद पालटला, वरचं खाली आलं. चौकटी आखून रेघ तिच्या हाताच्या बेतानं लहान केली आणि तो कागद टेबलावर चिकटवला. माऊस त्या रेघेवरून ओढायचा.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि बसायची. मी शेजारी बसून आकडे मोजायचो. छतात जाणाऱ्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद झाल्या, तेव्हा आम्ही दोघं आवाज न करता हसलो. पण दारात लागणाऱ्या गोळ्या दहा-अकराच्या पुढे जाईनात. दोन्ही बाजूंनी बाहेर सांडायच्या.

“होईल,” मी म्हणायचो. “घाई नको. कागदावर लक्ष ठेव.”

ती मान हलवायची आणि पुन्हा ओढायची. शुक्रवारी तिचं मनगट सुजलं. लेक उठून बाहेर आली, दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, “बाबा, तिला जरा सोडा. आणि तुम्हीही जरा पडा. चेहरे बघा दोघांचे, डबल ड्युटी केल्यासारखे.”

शनिवारी दुपारी ती इतकी दमली होती की एकदा चुकून हात भलतीकडे गेला. कागदावरची रेघ डावीकडे वळत होती, तिचा हात उजवीकडे सरकला.

“सॉरी, चुकले,” ती म्हणाली आणि पुढचा डाव सुरू केला.

मी भिंतीकडे बघत होतो. चुकलेल्या डावात पंधरा गोळ्या दारात होत्या.

“थांब,” मी म्हणालो.

कागद सोडवून खिडकीशी नेला आणि उजेडात धरला. बंदूक डावीकडे जाते, तर हात उजवीकडे जायला हवा. मी कागद पालटला होता तो काचेच्या सवयीनं. काचेला एकदा पालटला की काम होतं. इथे वरचं खाली आलं, पण डावं डावंच राहिलं. पालटायचा नव्हताच तो. पाठ न दाखवता, टेबलावरच अर्धा फिरवायचा होता. चार दिवस बंदूक जिकडे ओढत होती, तिकडेच मी पोरीला ओढायला लावत होतो. आणि वर म्हणत होतो, होईल, घाई नको.

मी खुर्चीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ माऊसची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“मला वाटलं माझाच हात वाईट आहे,” ती म्हणाली.

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

नवा कागद काढला, फिरवून चिकटवला. पण हाताला आता जुनी वाट पाठ झाली होती. आठव्या गोळीपर्यंत नीट, मग हात आपोआप डावीकडे. शिकवण्यात मी कच्चा नव्हतो, तेच नडलं.

रविवारी सकाळी दहाला तिनं हेडफोन काढून स्पीकर लावला. लेकीला सुट्टी होती. ती दारात चहाचा कप घेऊन उभी राहिली. त्यांच्या संघाच्या कप्तानाचा आवाज फुटायला लागलेला, मधेच जाड, मधेच बारीक.

“छतवाली, तयार?”

“तयार.”

तिनं झाडल्या. मी मोजणं सोडून तिच्या मनगटाकडे बघत होतो. आठव्या गोळीला ते अडखळलं, डावीकडे निघालं, तिनं दात खाऊन परत ओढलं. मग शेवटपर्यंत नीट गेलं.

“सतरा,” कप्तान म्हणाला. “छताला एकही नाही. काय केलंस तू?”

“चार दिवस कागदावरून उलटं शिकले. कालपासून सुलटं.”

“असं कोण शिकतं?”

“मी,” ती म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही.

तिकडे थोडी कुजबुज झाली. मग कप्तान म्हणाला, “बघ, नियम तूच सगळ्यात आधी मान्य केला होतास. आजपासून नवा येतोय. पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तू परत भिंतीला ये. मी नव्यालाही वीस सांगितलेत.”

“येते.”

“आणि ऐक. कागद म्हणजे कसला कागद? जुळ्यांचं कालपासून दहाच्या वर जात नाहीये.”

ती माझ्याकडे वळली. डोळे लाल, पण रडली नव्हती. “विचारून सांगते,” ती म्हणाली आणि बंद केलं.

लेक आत आली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रिकामा कप घेऊन गेली.

“जुळ्यांची बंदूक वेगळी आहे,” नात म्हणाली. “तिचं वळण वेगळं. नवीन काढावा लागेल.”

“आज?”

“आज संध्याकाळी सगळे खेळतील. मला तर वेळच वेळ आहे.”

तिनं पडद्यावर भोकं आणली आणि पातळ कागद लावला. मी पेन्सिल धरली. रात्रीची झोप झाली नव्हती, हात नेहमीपेक्षा जास्त हलत होता. पहिलाच ठिपका भोकाच्या बाहेर पडला. रंगवताना आम्ही मनगटाखाली टेकणाची काठी धरत असू, ती कधीच कुठेतरी हरवली.

तिनं आपलं सुजलेलं मनगट माझ्या मनगटाखाली आडवं धरलं.

“टेका,” ती म्हणाली. “आणि पालटायचा नाही हं. फिरवायचा.”

“फिरवायचा,” मी म्हणालो आणि दुसरा ठिपका काढला.