भिमाबाईचा दुखवटा

घाटात, शर्यतीच्या चढावर, बैलगाडे सुटायला लागले, तरी भिमाबाईच्या दारातले बैल दावणीलाच होते. लाउडस्पीकरचा आवाज शेतं ओलांडून थेट ओट्यावर येत होता. प्रत्येक गाड्याची पळायची बारी पुकारली की तिचा जीव वरखाली व्हायचा आणि लगेच लाजही वाटायची. शिमग्याआधी नवरा गेला, घरात दुखवटा आहे, आणि बाईला शर्यत सुचतेय!

दुःखाचं एक बरं असतं, ते कुणाला विचारून येत नाही की जात नाही. दुखवट्याला मात्र रीत लागते. माहेरच्या माणसानं यायचं, साडी नेसवायची, गोडाचा घास भरवायचा. तोवर घरात तळण नाही, यात्रा नाही, गुलाल नाही. आणि गुलाल नाही म्हणजे गाडाही नाही. तिच्या नवऱ्यानं, यमाजीनं, पोटच्या पोरासारखे वाढवलेले बैल गावच्या यात्रेत पळणार की नाही, हे सगळं आता भिमाबाईच्या भावावर येऊन अडलं होतं. घोडेगावचा गेणभाऊ सकाळीच येतो म्हणाला होता. ऊन डोक्यावर आलं तरी पावण्याचा पत्ता नव्हता.

थोरला मुलगा जालिंदर पिकअपमध्ये स्टेअरिंग धरून बसला होता. धाकटी हिरा मामाला फोनवर फोन लावत होती. एकदाचा लागला.

"मामा, कुठं हाय तुमी?"

"घाटात," मामा ओरडला. "कवाचा साडी घिऊन हुबा हाय. तुमी कुठं हाय?"

"घरी! तुमची वाट बघतोय!"

"अगं, यमाजीचा गाडा सुटायचा आन् माणसं घरी बसतील व्हय? मला वाटलं समदी हितंच असाल. आता गाडी बी निघंना, लई गर्दी हाय."

हिरानं कपाळाला हात लावला. ओट्यावर बसलेला थोरला दीर चांगदेव खाकरला.

"दुखवटा घरात काढायचा असतो. जाऊ द्या, पुढच्या साली पळवू."

भिमाबाईनं दिरापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. आज मात्र पदर सावरून ती उभी राहिली.

"भावजी, दुखवटा भिंतीला न्हाई, मला हाय. मी जाईन तिथं तो माझ्यासंगं येतोय. तिथंच काढू की."

आता चांगदेव आकांडतांडव करणार असं सगळ्यांना वाटलं. पण तो उठला, दावणीकडं गेला आणि स्वतःच कासरा सोडायला लागला.

"मग हुब्या काय ऱ्हायल्या? बसा म्होरं," तो म्हणाला. "आपली बारी पुकारतील."

पिकअप धुरळा उडवत निघाली. घाटाच्या कडेला गेणभाऊ काखेत पिशवी धरून नाचायचाच बाकी होता. जालिंदर बैल उतरवत होता तेवढ्यात गेणभाऊनं गाडीच्या आडोशाला बहिणीच्या खांद्यावर साडी टाकली आणि बुंदीचा अख्खा लाडू तिच्या तोंडात कोंबला. "रडू नको," म्हणाला आणि स्वतःच रडायला लागला. तेवढ्यात यमाजीच्या नावानं बारी पुकारली. लाडू धड गिळलाही नव्हता, तशीच ती घाटाकडं पळाली.

पुढं बैलांना ओढ लावायला सोडलेली घोडी, मागं बैल. धुरळ्यातून त्यांची शिंगं तेवढी दिसली. कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत होतं. डोक्यावरचा पदर पडल्यावर तिला कळलं, ती आपणच. बैल निशाणापार गेले, लोकांनी टोप्या उडवल्या, लाउडस्पीकरवाल्याचा घसा बसला. त्या दिवशी त्या बारीच्या पुढं कुणीच गेलं नाही. चांगदेवानं मूठभर गुलाल आधी बैलांवर उधळला, मग घाबरत घाबरत भावजयीच्या पायांवर टाकला.

दिवेलागणीला सगळे घरी आले. भिमाबाईला कधी नव्हे ती भूक लागली होती. भाकरी थापता थापता ती बोलायला लागली. घोडी कशी सुटली, डावा बैल कसा दबला आणि मग कसा उसळला, सगळं भडाभडा. बोलता बोलता तिचे हात थांबले. आजवर यमाजी घाटातून यायचा, ताटावर बसून अख्खी बारी सांगायचा आणि ती वाढता वाढता ऐकायची. आज बारी तिनं पाहिली होती. ज्याला सांगायची तोच नव्हता. घरातून दुखवटा गेला होता आणि दुःख पहिल्यांदाच तिच्यासमोर येऊन बसलं होतं.

हिरा घाटात सारा वेळ तिच्या शेजारीच उभी होती. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती ताट घेऊन आईसमोर बसली.

"मग?" ती म्हणाली. "डावा उसळला, मग फुडं काय झालं?"