आवाज पोचतोय का

दिवाळी उलटली आणि प्रियदर्शिनीचा लॅपटॉप अडखळायला लागला.

पनवेलला शिकवत होती तो क्लास बंद पडल्यावर ती पोलादपूरजवळच्या आपल्या वाडीत परत आली होती. पुण्याच्या एका ऑनलाइन क्लासने तिला बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायचं काम दिलं होतं. रोज संध्याकाळी ती घराच्या मागच्या खोलीत टेबलाशी बसायची आणि कुठकुठल्या गावांतली मुलं तिच्यापुढे जमायची. आता माऊसचा बाण मध्येच थबकायचा. फळ्यावर ओढलेली रेघ क्षणभराने उमटायची. आणि मुलं खाली लिहायची, "मॅम, आवाज तुटतोय."

तिने आधी स्वतःच खटपट केली. लॅपटॉप सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद केले, जागा मोकळी केली, दोन-दोन अँटिव्हायरस होते त्यांतला एक काढून टाकला. मग महाडला अकिबच्या दुकानात नेला. अकिबचं दुकान छोटंसं होतं, पण बाईमाणसालाही तो सगळं नीट समजावून सांगायचा, म्हणून तिला बरं वाटायचं. त्याने पंखा उघडून आतला धुळीचा गठ्ठा काढला, प्रोसेसर थंड ठेवणारी, वाळून गेलेली पेस्ट बदलली. बाण थबकायचा थांबला, रेघही लगेच उमटायला लागली. दुकानातल्या इंटरनेटच्या तारेला जोडून त्याने तिला एक कॉलही करायला लावला. आवाज स्वच्छ होता.

घरी आल्यावर संध्याकाळी मुलांनी पुन्हा तेच लिहिलं.

अडचण अशी होती की स्वतःचा पलीकडे जाणारा आवाज माणसाला ऐकू येत नाही. मुलांचा वेळ रोज त्यात घालवता येत नव्हता. क्लासच्या ऑफिसातूनही एकदा सौम्य शब्दांत विचारणा झाली होती. तिला घरातच कुणीतरी हवं होतं, जे दुपारच्या वेळी दूर बसून फोन कानाला लावील आणि आवाज तुटतो की नाही ते सांगेल. आई मंजुळा दिवसभर वालाच्या शेतात असायची. घरी असायचे ते बाबा.

श्रीपतनी सारी नोकरी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, कंप्रेसर हाउसमध्ये, म्हणजे हवा दाबणाऱ्या मोठ्या यंत्रांच्या खोलीत, केली होती. निवृत्त झाल्यापासून ते पडवीत बसून रस्ता बघत असत. प्रियदर्शिनीने काम सांगितल्यावर ते लगेच उठले. लॅपटॉपवरून येणारा कॉल घरातल्या दुसऱ्या फोनवर कसा घ्यायचा ते तिने त्यांना शिकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बोलवायला गेली, तर ते तोंड धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, फोन मांडीवर ठेवून तयार बसले होते.

मग रोज तसंच सुरू झालं. ती मागच्या खोलीत पुस्तकातलं पान वाचायची, लॅपटॉपमध्ये एखादी गोष्ट बदलायची, पुन्हा वाचायची आणि पडवीत येऊन विचारायची.

"काय बाबा, तुटतो का?"

"नाय गो. बराय."

विजेची बचत करणारी सोय बंद केली तेव्हा बराय. आवाज चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नवा टाकला तेव्हाही बराय. संध्याकाळी मुलांचा मात्र तोच निरोप. तिला वाटायला लागलं, दुपारी आणि संध्याकाळी काहीतरी वेगळं घडतंय.

एका दुपारी तिने वायफाय पूर्ण बंद केलं. आपला मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून त्यावरून नेट घेतलं आणि वाचलं. पडवीत आली तेव्हा श्रीपतनी थोडं थांबून, डोळे बारीक करून सांगितलं, "आज थोडा तुटला. मध्ये मध्ये."

म्हणजे वायफायचा दोष नाही, हे तिच्या मनात पक्कं झालं. दोष लॅपटॉपच्या आतच कुठेतरी असणार. तिने तो पुन्हा अकिबकडे नेला आणि सगळं पुसून नव्याने विंडोज टाकायला सांगितलं. अकिब म्हणाला, त्याच्या मते मशीनमध्ये काही नाही, इथे तर व्यवस्थित चालतोय. तिने हट्ट धरला. फाइली दुसरीकडे उतरवून घेताना घाई झाली, आणि सेंद्रिय रसायनाच्या धड्यांसाठी दोन महिने बसून काढलेल्या आकृत्यांचा फोल्डर तेवढा राहून गेला. घरी आल्यावर तिच्या ते लक्षात आलं.

त्या संध्याकाळी एका मुलाने लिहिलं, "मॅम, आज पण तुटतोय."

पुढच्या दिवशी तिने पुन्हा बाबांना फोन दिला. ती वाचत असताना मंजुळा वालाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन शेतातून लवकर परतली. श्रीपतनी तिला हाताने जवळ बोलावलं आणि कौतुकाने फोन तिच्या कानाला लावला. ऐक, पोरगी कशी शिकवते ते. मंजुळाने ऐकलं, फोन त्यांच्या हातात परत दिला आणि आत येऊन लेकीला म्हणाली, "तू मध्येच गप का होतेस गो? अर्धा शब्द येतो, अर्धा नाय येत."

"बाबा तर बरा येतो म्हणतात."

मंजुळाने गाठोडं खाली ठेवलं.

प्रियदर्शिनीने लॅपटॉपवरचा माइक बंद केला. आता पलीकडे काहीच जात नव्हतं. ती अनवाणी चालत पडवीच्या दारापर्यंत आली आणि पडद्याआडून पाहिलं. श्रीपत फोन कानाला लावून बसले होते. समोर रस्त्याकडे बघत होते आणि अधूनमधून समजल्यासारखी मान हलवत होते.

ती पडदा सारून पुढे झाली. तिला पाहताच त्यांनी हसून हात वर केला. "बराय," ते म्हणाले.

"बाबा, मी बोलतच नव्हते."

तिचे ओठ त्यांना नीट दिसत होते, त्यामुळे ते त्यांना समजलं. त्यांनी फोन कानावरून खाली घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि बाजूला ठेवला. मग चपला घालून रस्त्याला लागले.

तिला राग आला होता. गेलेल्या आकृत्या आठवत होत्या, अकिबशी घातलेला वाद आठवत होता. ती आईला म्हणाली की ऐकू येत नाही तर तसं सांगायचं, एवढे दिवस मला का फिरवलं. मंजुळाने शेंगा सोलायला घेतल्या. ती म्हणाली की तिलाही हे इतकं असेल असं वाटलं नव्हतं. त्यांचं लक्ष नसतं असं समजून ती वर्षानुवर्षं मोठ्याने बोलत आली होती. मग हात थांबवून तिने एक गोष्ट सांगितली. वाडीतल्या बुद्धविहारातल्या बैठकीत पूर्वी श्रीपत बोलायला उभे राहायचे. हल्ली कुणी काही विचारलं तर भलतंच उत्तर देतात, म्हणून कुणी विचारतच नाही. ते मागच्या भिंतीला टेकून बसतात आणि सगळे हसले की हसतात.

प्रियदर्शिनीला त्यावर राग धरून ठेवता आला नाही. ऊन उतरायला लागल्यावर ती त्यांना शोधत निघाली. ते विहाराच्या पायरीवर बसले होते. ती शेजारी बसणार होती, पण मग खालच्या पायरीवर, त्यांच्याकडे तोंड करून बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

श्रीपतनी सांगितलं की कंप्रेसर हाउसमध्ये असतानाच कमी व्हायला लागलं होतं. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण ते घातले की मशीनचा बदललेला आवाज समजायचा नाही, आणि तो समजला नाही तर कामच होत नसे. म्हणून सगळेच काढून खिशात ठेवायचे. घरी आल्यावर कानात घुमत राहायचं. पुढे घुमणं कमी झालं, आणि त्याबरोबर बाकीचंही कमी झालं. समोर बसून कुणी बोललं तर तोंडावरून जमतं. फोनवर नुसती गुणगुण येते.

"मग मला का नाही सांगितलंत?"



"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या कोणाला बसवलं असतंस," ते म्हणाले.

ते खरं होतं. ती तसंच करणार होती, आणि त्यात काही चूक आहे असंही तिला वाटलं नसतं. इस्त्रीचा शर्ट तिने रोज पाहिला होता. बाबा कुठेतरी जाणार असतील, असं वाटून तिने कधी विचारलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "पण एका दिवशी तुम्ही तुटतो म्हणालात. मी वायफाय बंद केलं होतं तेव्हा."

"रोज बराय बराय म्हटलं तर तुला वाटलं असतं, म्हातारा ऐकतच नाय. म्हणून एक दिवस तुटतो म्हटलं."

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. सगळ्या चाचण्यांमध्ये त्या एकाच उत्तरावर तिचा विश्वास बसला होता. त्याच्याच आधाराने तिने लॅपटॉप पुसायला लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आईला शेतात जाण्याआधी थांबवून घेतलं. वायफायवर वाचलं, तर मंजुळा पडवीतून म्हणाली तुटतो. वायफाय बंद करून मोबाइल केबलने लावला आणि तेच पान वाचलं, तर एकही शब्द गळला नाही. पुन्हा वायफाय लावलं, पुन्हा तुटला. अकिबच्या दुकानात लॅपटॉप तारेवर होता, म्हणून तिथे तो नेहमी नीट चालला होता. तिने फोन करून त्याला सांगितलं. तो म्हणाला, वायफायचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसरला अडवून धरत असणार, तेवढ्यात माइकचा आवाज सांडून जातो. नवा बिघडलेला असतो कधी कधी, जुना टाकून बघा. तिने कंपनीच्या साइटवरून मागच्या वर्षीचा ड्रायव्हर उतरवून घेतला, टाकला, तो आपोआप बदलणार नाही अशी सोय केली. मंजुळाने ऐकलं आणि मान डोलावली. शेतात जायला तिला फारसा उशीरही झाला नाही.

त्या संध्याकाळी कुणी काही लिहिलं नाही. तास संपल्यावर तिनेच विचारलं, तेव्हा मुलांनी सांगितलं की आज एकदम क्लिअर होता.

लॅपटॉप बरा झाला, पण घरातली दुपार रिकामी झाली. श्रीपत पडवीत बसेनात. जेवण झालं की काठी घेऊन बाहेर पडायचे आणि दिवे लागायच्या वेळी परतायचे. प्रियदर्शिनी आकृत्या पुन्हा काढायला बसायची. पडवीकडून काही हालचाल नसली की तिचं लक्ष उडायचं. कान तपासायला चला असं ती एकदा म्हणाली. त्यांनी आता या वयात काय करायचंय म्हणून विषय संपवला. शेवटी मंजुळाच एकदा जेवताना त्यांच्यासमोर बसून म्हणाली, "माझा घसा बसला ओरडून. तुमच्यासाठी नाय, माझ्यासाठी जा." सकाळी ते कपडे करून तयार होते.

महाडला तपासणीच्या दवाखान्यात त्यांना काचेच्या लहान खोलीत बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करायचं, असं तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं. प्रियदर्शिनी बाहेर उभी राहून बघत होती. श्रीपत खूप एकाग्र झाले होते, परीक्षेला बसल्यासारखे. त्यांनी बोट वर केलं, पुन्हा केलं, तिसऱ्यांदाही केलं. बाईंनी यंत्र थांबवलं आणि दार उघडून आत गेल्या.

"काका, अंदाजाने नका करू. ऐकू नाही आलं तर नाही आलं. त्यात पास-नापास नाही."

श्रीपतनी काचेतून लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्यानंतर त्यांचं बोट बराच वेळ मांडीवरच राहिलं. त्यांनी ते उगाच वर केलं नाही हे पाहून तिचे डोळे भरून आले, आणि ती पाठ फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहिली.

गेलेलं ऐकणं परत येणार नव्हतं. जे उरलं होतं त्याला कानात घालायच्या यंत्राचा आधार मिळणार होता. ते यंत्र श्रीपतना सुरुवातीला मुळीच आवडलं नाही. येताना एसटीत त्यांनी ते काढून खिशात ठेवलं, कारण खिडकीची काच वाजत होती तीच सगळ्यात मोठी ऐकू येत होती. घरात भांडी आपटल्यासारखी वाटायची. मंजुळाला ते म्हणाले की तू केवढ्याने बोलतेस गो, आणि ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. हळूहळू ते सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ यंत्र घालायला लागले. विहारात जाताना मात्र अजून काढून ठेवायचे. ते केव्हा घालायचं ते त्यांनीच ठरवावं, म्हणून प्रियदर्शिनीने त्याबद्दल विचारलं नाही.

एका संध्याकाळी तास सुरू असताना मागच्या खोलीच्या दाराशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं नाही, शिकवत राहिली. तास संपल्यावर पाहिलं तर श्रीपत दाराबाहेर बसले होते, कानात यंत्र होतं.

"ऐकलंत का सगळं?"

"ऐकलं. अर्धंमुर्धं कळलं." ते थोडे थांबले, सांगावं की नाही असा विचार करत. मग म्हणाले, "तू फार भरभर बोलतेस. पोरांना लिहायला वेळ कुठे देतेस?"

तिला ते लागलं. पनवेलपासून आजपर्यंत कुणी तिला असं सांगितलं नव्हतं. ती काहीतरी समर्थन करणार होती, पण ते तिच्याकडे सरळ बघत उत्तराची वाट पाहत होते.

"बरं," ती म्हणाली. "उद्या सावकाश घेते. तुम्ही बसा."

"उद्या बसतो," म्हणत श्रीपतनी खुर्ची उचलून रात्रीपुरती पडवीत नेली.