नऊ दिवस

मानपत्र रविवारी मिळायचं होतं आणि पत्र आलं गुरुवारी.

थोआ अंगणात चटईचं लव्हाळं वाळत घालत होती. पोस्टमनच्या हातातल्या पाकिटावर लेकाचं, खिएमचं अक्षर दिसलं आणि तिच्या हातची पेंढीच गळाली. पोरगा जाऊन दोन महिने होऊन गेले होते. सरकारी कागदावर तसं ठळक लिहिलं होतं: एकोणीस फेब्रुवारीला, उत्तर सरहद्दीवरच्या टेकडीवर, सहा जखमी साथीदारांना खाली नेईपर्यंत ह्या वीस वर्षांच्या जवानानं एकट्यानं मशीनगन चालवली आणि प्राण दिले. त्याला शौर्यपदक जाहीर झालं होतं.

तिनं पाकीट फोडलं. 'आई, मी बरा आहे. सर्दी झाली होती, गेली. बाबांना म्हणावं, थोडा तंबाखू पाठवा.' आणि खाली तारीख: सत्तावीस फेब्रुवारी.

थोआनं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग ती धावत आत गेली आणि पूर्वजांच्या चौरंगावरचा खिएमचा फोटो उचलून तिनं पेटीत ठेवला. दोन महिने ती त्याच्यापुढे उदबत्ती लावत होती. जित्या माणसापुढे!

संध्याकाळी नवऱ्यानं, लुकनं, पत्र दिव्याजवळ धरून वाचलं. तो स्वतः तरुणपणी फ्रेंचांशी लढून आला होता.

"अगं, आघाडीवर कसलं आलंय कॅलेंडर? पोरानं चुकून लिहिलं असेल."

"त्यानं चूक केली का कागद लिहिणाऱ्यानं, हे तुम्हाला कसं कळलं?"

लेक मिएन म्हणाली, "मग उद्या तालुक्याला जाऊन पत्र दाखवू या ना, आई."

"दाखवू नका," लुक एकदम म्हणाला. "एकोणीसला मेला म्हणतात तो सत्तावीसला जिता होता, तर मधे होता कुठं? पहिला प्रश्न हाच येईल. पळाला म्हणतील, मिएन. एकदा का तो शब्द गावात शिरला, की झालं."

हे थोआच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता दोन्ही भीती तिच्या आत शेजारी शेजारी बसल्या: तो नसेल ही, आणि असेल तर कसा असेल ही.

शुक्रवारी ती मिएनच्या सायकलवर मागे बसून तालुक्याला गेली. पत्र कमरेला खोचलेलं होतं, पण ते बाहेर काही निघालं नाही. "तारीख बरोबर आहे ना हो, साहेब?" एवढंच तिनं विचारलं.

"मावशी, वरून आलंय तेच मी वाचतो," कारकून म्हणाला. "आणि रविवारी ह्याच्या तुकडीतला एकजण येतोय. त्यालाच विचारा."

शनिवारी चटई विणताना धागा सारखा तुटत होता. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "पदकवाल्याच्या आई, उद्यापासून आम्हाला ओळख द्याल ना?" थोआ कशीबशी हसली. मनात म्हणत होती, तू असशील तिथं गप्प राहा रे बाबा, आणि लगेच दुसरं मन म्हणे, नको, ओरड, मला ऐकू येऊ दे.

रविवारी सहकारी संस्थेच्या अंगणात लाल कापड टांगलं होतं. पुढच्या बाकावर एक पोरगा बसला होता, गणवेशाची डावी बाही वर दुमडून टाचणी लावलेली. थोआ संस्थेच्या चेअरमनना ओलांडून सरळ त्याच्यासमोर उभी राहिली.

"माझा खिएम कधी गेला?"

पोरगा उठला. त्याचं नाव दुआन. "मावशी, अठ्ठावीसला. दुपारी. त्या सहा जणांत मी होतो."

"एकोणीस नाही?"

"नाही. एकोणीसला आम्ही टेकडीवर पोचलोसुद्धा नव्हतो. सत्तावीसला त्यानं तुम्हाला पत्र लिहिलं, मीच टपालात दिलं. पोचलं नाही का?"

"पोचलं," म्हणत थोआ बाकावर बसली. मिएननं तिला धरलं. लुक मागे उभा होता, दोन्ही हातांनी टोपी पिळत.

चेअरमननी मानपत्र उघडून वाचायला सुरुवात केली. "एकोणीस फेब्रुवारी..."

"थांबा," थोआ म्हणाली आणि उठली. "हे मी घेणार नाही."

"अहो वहिनी, वरच्या सहीचा कागद आहे. नंतर अर्ज करा, दुरुस्ती होईल."

"वर्षश्राद्ध कुठल्या दिवशी घालू मी, सांगा. एकोणीसच्या पुढं नऊ दिवस जगलाय तो. लढलाय, सर्दीनं शिंकलाय, पत्र लिहिलंय. ते नऊ दिवस माझ्या पोराचे आहेत. ते मी कुणाला देणार नाही."

चेअरमननी तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यानं मान खाली घातली, मग दुआनला म्हणाला, "तुम्ही लिहून सही कराल?" दुआननं उजव्या हातानं लिहून दिलं. कागद गुडघ्यावर सरकत होता, तो लुकनं पुढे होऊन धरून ठेवला. मानपत्र तालुक्याला परत गेलं. पदक मात्र थोआनं घेतलं.

दुपारी दुआन त्यांच्याकडे जेवायला आला. थोआनं त्याच्या पानात भात आणि माशाचा तुकडा वाढला, काटे स्वतः काढून. त्याचे दोन घास झाल्यावर ती म्हणाली, "आता सांग. एकोणीसपासून धर. सकाळी उठून काय खाल्लंत?"

दुआननं हातातला घास खाली ठेवला. "उकडलेला कंद, मावशी. खिएम म्हणाला, मीठ कमी आहे."

"बरं," थोआ म्हणाली, आणि त्याच्या जवळ सरकून बसली. "मग?"