दहाचे साडेतीन

माझं डोकं ठिकाणावर आहे हे मला सिद्ध करावं लागावं, याचीच मला पहिल्यांदा चीड आली. आयुष्यभर मी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, आणि स्टेजवरचा राजा वाक्य विसरला की प्रेक्षकांना कळायच्या आत ते त्याच्या कानावर घालायचं. भल्याभल्यांची विस्मरणं मी झाकली. आणि आता आमचे चिरंजीव परदेशातून माझ्या लेकीला फोनवर सांगतात, "ताई, आईचं काही खरं नाही."

कारण काय, तर मी डॉक्टरांच्या वेळा चुकवते.

गेल्या खेपेला आला तेव्हा त्याने मला नवा फोन घेऊन दिला आणि त्यात कॅलेंडर सुरू करून दिलं. "मी तिकडून लिहिणार आणि तुझ्या फोनवर आपोआप उमटणार. आता डोक्यात काही ठेवायचं नाही, आई." डोक्यात ठेवणं हा तर माझा धंदा. पण पोरगं कौतुकाने करतंय म्हटल्यावर मी मान डोलावली. परत गेल्यावर त्याने तिथे बसून मोठ्या हौसेने माझ्या वेळा ठरवायला आणि भरायला सुरुवात केली.

दाताच्या डॉक्टरची वेळ फोनने साडेतीनची दाखवली, मी साडेतीनला हजर. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, तुम्हाला दहाला बोलावलं होतं." पुढच्या आठवड्यात नळ दुरुस्त करणारा सकाळीच येऊन बेल वाजवून गेला. मी तेव्हा भाजी आणायला गेले होते, कारण फोनच्या मते तो साडेचारला यायचा होता. लेकीने भावाला विचारलं, तर त्याने आपल्या फोनचा फोटो पाठवला. त्यात स्वच्छ अकरा लिहिलेले. झालं, दोघांनी मिळून निकाल लावून टाकला. माझा फोन उघडून बघावा असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही.

"माझ्या फोनवर वेगळी वेळ दिसते," मी त्याला सांगितलं.

"बंद करून चालू कर."

केला.

"अपडेट कर."

शेजारणीला बसवून तेही केलं.

"घड्याळ ऑटोमॅटिकवर आहे ना?"

होतं.

"मग फोनमध्ये काही बिघाड नाही, आई," तो इतक्या प्रेमाने म्हणाला, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनमध्ये बिघाड नाही म्हणजे बिघाड कशात आहे, ते मला बरोबर कळलं.

मग त्याने स्मरणशक्तीच्या डॉक्टरची वेळ घेतली. तीही त्यानेच भरली. मी नीट इस्त्रीची साडी नेसून, चष्मा पुसून साडेतीन वाजता दवाखान्यात पोचले, आणि माझी वेळ सकाळी दहाची होती. स्मरणशक्ती तपासायला साडेपाच तास उशिरा आलेली बाई! डॉक्टरांनी काही न विचारताच समजुतीने मान हलवली. मी फोन पुढे केला तर म्हणाले, "असू दे, असू दे, या वयात होतं असं." त्या 'असू दे'चा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. चिरंजीवांनी इथल्याच एका वृद्धाश्रमात खोली बघितली. माझं घर भाड्याने द्यायचं ठरलं. माझं! या स्वयंपाकघराच्या फळ्या मी स्वतः उभं राहून ठोकून घेतल्यात. रविवारी लेक येणार, तो व्हिडिओवर येणार, आणि दोघं मिळून माझ्याकडून 'हो' वदवून घेणार, असा बेत होता. ते ऐकून मला रडू आलं. रडू आलं याचा आणखी राग आला, आणि मग मी डोळे पुसून फोन घेऊन टेबलाशी बसले.

नाटकाची संहिता वाचावी तशी मी ते कॅलेंडर ओळीने वाचलं. नट कुठे अडखळतो ते शोधायची मला सवय आहे. डोळ्यांच्या दवाखान्याने स्वतः पाठवलेली वेळ बरोबर होती. ग्रंथालयाचीही बरोबर. चुकीच्या होत्या त्या फक्त मुलाने भरलेल्या. दहाचे साडेतीन, अकराचे साडेचार. दर वेळी साडेपाचच तास पुढे, ना कमी ना जास्त. विसरणारं डोकं इतक्या शिस्तीत विसरत नाही. आणि साडेपाच तासांचा हिशोब मला पाठ होता. मी दुपारी चहा घेते तेव्हा तो व्हिडिओवर डोळे चोळत सकाळचा चहा पीत असतो.

रविवारी लेकीने टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर चिरंजीव आले आणि घसा खाकरून म्हणाले, "आई, हे बघ, तुला कुणी घरातून काढत नाहीये."

"ते नंतर. आधी कॅलेंडरमध्ये लिही. उद्या दहा वाजता आईने पाणी प्यावं."

"हे काय आता मध्येच?"

"लिही." विंगेतून नटाला दरडावायचा आवाज मी बऱ्याच वर्षांनी काढला. त्याने निमूट लिहिलं.

माझा फोन टिंग वाजला. मी तो लेकीच्या हातात दिला. "वाच."

"उद्या, दुपारी साडेतीन..." ती थांबली. तिने ती नोंद उघडली, बोटांनी मोठी केली. "अरे, खाली बारीक अक्षरात तुझ्या शहराचं नाव आहे! तू दहा लिहितोस ते तुझ्याकडचे दहा होतात. तेव्हा इथे साडेतीन वाजतात. आई म्हणत होती ते खरं होतं."

पडद्यावर चिरंजीवांनी आपला फोन डोळ्यांजवळ नेला. मग ते चक्क हसले. "अरेच्चा, एवढंच होय! एक सेटिंग आहे, आत्ता बदलतो."

एवढंच. दाताचा डॉक्टर, नळवाला, ते 'असू दे', सगळं त्या 'एवढंच'मध्ये गुंडाळून मोकळा झाला.

"चला, बरं झालं कळलं," तो पुढे म्हणाला. "पण आई, खोली खरंच छान आहे गं. हवेशीर आहे. आज ना उद्या लागणारच, मग मिळतेय तर..."

लेकीने माझ्याकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते. "चुकलंच माझं, आई," ती म्हणाली, आणि तिने स्वतःचा फोन उचलला. "वृद्धाश्रमात कळवते. खोली नको म्हणून."

"ताई, थांब! असा घाईने निर्णय घेऊ नका. आईचं वय..."

मी टॅबलेट दोन्ही हातांनी उचलून अगदी तोंडासमोर धरला.

"मी एकही वेळ विसरले नाही," मी म्हटलं. "आई कुठल्या देशात राहते ते तू विसरलास, आणि तपासणीला मला पाठवलंस. आता आणखी एक नोंद कर. आई इथे राहते, या घरात. वेळ तुला हवी ती टाक."